तक्त्यातली तिसरी नोंद

कॉमर्सला जाऊन बारावीत गणित घेणं हा जुन्नर तालुक्याच्या पूर्वपट्ट्यात एक किरकोळ आजार समजला जातो. दरवर्षी पाच-सहा जणांना तो होतो, घरचे थोडे दिवस काळजी करतात आणि दिवाळीपर्यंत बहुतेक जण बरे होतात. त्या वर्षी कॉलेजात बारावी कॉमर्सला एकशे वीस मुलं होती. एकशे चौदांनी गणिताऐवजी एसपी घेतलं होतं. एसपी म्हणजे चिटणीसाची कार्यपद्धती. त्यात कंपनीच्या भागधारकांना पत्रं कशी लिहावीत ते शिकवतात. राजुरीच्या आसपास भागधारक किती आणि त्यांना पत्रांची ओढ किती, हे कोणी विचारत नाही, कारण एसपीत कोणी नापास होत नाही.

उरलेल्या सहांसाठी भरत वायाळ सर होते. सर सांख्यिकीचे एम. एस्सी., आंबेगावातल्या लोणीचे, आणि अकरा वर्षं तासिका तत्त्वावर. कायम होण्याची शक्यता त्यांनी एकदा सूत्र लावून काढली होती. त्यानंतर त्यांनी तो विषय घरी काढला नाही. गणिताचा तास सकाळी पावणेसातला असे. एकशे चौदांना दुपारी पंख्याची खोली आणि सहांना पहाट, यात अन्याय नव्हता. पहाटे कॉलेजात कोणीच नसतं, त्यामुळे अडचण कोणालाच होत नाही, असं प्राचार्यांचं म्हणणं होतं. दुपारी सरांना मंचरच्या बाजूला दुसऱ्या कॉलेजात तास असत, म्हणून तेही पहाटेला राजी होते. लोणीहून निघायला त्यांना पाच वाजता किक मारावी लागे. वाटेत दोन्ही बाजूंना ऊस. पण त्या उसात काय असेल याचा हिशोब सरांनी स्वतःपुरता कधी मांडला नव्हता.

सहांपैकी केवलचंद शेठचा विपुल सीए व्हायचं म्हणून बसला होता. चौघे चुकून आले होते आणि लाजेखातर टिकून होते. गणितासाठी म्हणून आलेली एकटी प्राची. राजुरीच्या खालच्या मळ्यातल्या सोपानरावांची ही पोरगी. तिला पुण्यात अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र एकत्र शिकवतात तिथे जायचं होतं, आणि तिथलं दार बारावीच्या गणिताशिवाय उघडत नव्हतं. हे तिने माहितीपत्रक मागवून, खालच्या बारीक अक्षरातल्या अटींसकट वाचून काढलं होतं. अटी वाचणारं माणूस सरांना अकरा वर्षांत दुसरं भेटलं नव्हतं. पोरगी पावणेसहाला मळ्यातून निघायची, पाटाच्या कडेने दीड किलोमीटर चालत स्टँडवर यायची आणि पहिली एसटी पकडायची.

ऑक्टोबरात अंतर्गत वीस गुणांचे प्रकल्प द्यायची वेळ आली. संभाव्यतेचं प्रकरण चालू होतं. पुस्तकात एक टायपिस्ट पानामागे दोन चुका करत होता आणि तो पंचवीस वर्षं त्याच दोन चुका करत आला होता. सरांना त्याचा कंटाळा आला होता. ते वर्गाला म्हणाले, हे गणित वापरायचं आहे, पाठ करायचं नाही. आपापल्या गावातली अशी गोष्ट घ्या जी कधीतरीच घडते, पण घडते. विपुलने वडिलांच्या दुकानातून गिऱ्हाइकाने चुकून दुसऱ्याची चप्पल घालून जाण्याचं प्रमाण घेतलं. प्राचीने बिबट्या घेतला.

सरांना विषय फार आवडला. इथपासून जे झालं त्यात या आवडण्याचा वाटा मोठा होता, हे त्यांना नंतर कळलं.

प्राची वही घेऊन दूध डेअरीवर उभी राहू लागली. अख्खं गाव सकाळ-संध्याकाळ कॅन घेऊन तिथे येतं. आठवड्यात तिच्याकडे बिबट्या दिसल्याच्या दोनशे बारा नोंदी झाल्या. एकट्या चिमाजी नानांना अकरा वेळा दिसला होता, त्यातून एकदा तर लांब मढला लग्नाला गेले असताना. एकच जनावर चौघांनी पाहिलं की चार होत होते. शिवाय ज्यांच्या वस्तीवर तो आलाच नव्हता त्यांना हा अपमान वाटत होता. आमच्याकडं नाय आला म्हंजे आमी काय उपरे हाय का, असं विचारून एका बाईने दोन नोंदी लिहूनच घेतल्या.

सरांनी सांगितलं, घटना एकमेकींपासून स्वतंत्र पाहिजेत आणि साक्षीदारही. प्राचीने दोन दिवस विचार केला आणि एक नियम करून आणला. ठशाचा नाहीतर जनावराचा फोटो असेल तर नोंद धरायची. फोटो नसेल तर, ज्यांचं एकमेकांशी बोलणं बंद आहे अशा दोघांनी तोच दिवस आणि तीच जागा सांगितली तरच धरायची. गावात बोलणं बंद असलेल्या जोड्या भरपूर होत्या, त्यामुळे नियम चालवायला अडचण आली नाही. सरांनी तो नियम घरी बायकोला वाचून दाखवला. एम. एस्सी.च्या दोन वर्षांत स्वतंत्र साक्षीदाराची याहून चांगली व्याख्या त्यांना कोणी सांगितली नव्हती.

चाळण लावल्यावर दोनशे बारामधले फार थोडे उरले. त्यात मळा ते स्टँड या वाटेवरचे, पहाटेच्या त्या तासातले, वर्षभरात तीन.

"तिसऱ्याला फोटो नाही आणि साक्षीदार एकच दिसतोय," सर वही पाहत म्हणाले.

"हो सर. नियमात बसत नाही. पण तो खरा आहे."

"कशावरून?"

"मीच पाहिलाय."

एकोणीस जून, पहाटे पाच बावन्न. पाटाच्या भरावावर तो बसला होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग तो उसात उतरला आणि ती स्टँडकडे आली. त्या दिवशी ती वर्गात पाच मिनिटं उशिरा आली होती आणि सरांनी, नटायला वेळ लागला वाटतं, असा शेरा मारला होता. सरांना तो शेरा आठवला. शरमेवर उपाय म्हणून माणूस तत्त्वाचा आधार घेतो तसा त्यांनी घेतला. म्हणाले, "मग धर. आकडेवारीत लपवाछपवी नाही." घरी सांगितलंस का, हे विचारायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

वर्षात तीन, म्हणजे एका पहाटेला शंभरात एकही नाही. आकडा इथे सोडला असता तर सगळेच सुखी झाले असते. पण प्राचीचा प्रश्न वेगळा होता. दिवाळीनंतर परीक्षेपर्यंत, रविवारच्या सराव परीक्षा धरून, नव्वद पहाटा होत्या. या नव्वदांत एकदा तरी दिसण्याची शक्यता किती? तिने सूत्र लावलं, सरांनी कॅल्क्युलेटर दिला. बावन्न टक्के. सरांनी तीनदा तपासलं. तिने केलेल्या तक्त्याखाली लाल पेनने लिहिलं, 'रीत व उत्तर अचूक', वीसपैकी वीस दिले आणि सही केली.

दिवाळीनंतरच्या पालक मेळाव्यात प्राचार्यांनी प्रकल्प मांडायला लावले, कारण संस्थेला फोटो पाठवायचे होते. प्राचीचा तक्ता दाराशीच होता. सोपानराव दाढी करून, धुतलेला शर्ट घालून आले. डेअरीची पावती वाचावी तसा त्यांनी तक्ता खालून वर वाचला. आधी सरांची सही, मग बावन्न, मग नव्वद. तीन नोंदी मात्र त्यांनी वरून खाली वाचल्या. पहिल्या नोंदीपुढे वनरक्षकाचं नाव होतं. दुसरीपुढे भावकीतले दोघे, ज्यांचं बोलणं बांधावरून बंद होतं. तिसरीपाशी ते थांबले.

"सर, हे 'निरीक्षक: स्वतः' म्हंजे कोन?"

आणि सर अभिमानाने म्हणाले, "प्राचीच की! बिबट्या समोर असताना पोरीने घड्याळ पाहिलं, बोला."

सोपानरावांनी तक्त्याचा सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबून बसवला आणि चहा न घेता गेले. सरांनी शेजारी पाहिलं तेव्हा प्राची जमिनीकडे बघत होती. तेव्हा कुठे सरांना समजलं की पोरीने पाच महिने जपलेली गोष्ट आपण पाच सेकंदांत सांगून मोकळे झालो.

दुसऱ्या दिवसापासून प्राची तासाला आली नाही. दहाच्या एसटीने ती कॉलेजात यायची, बाकीचे विषय करायची. पावणेसातला तिचा बाक रिकामा. बोर्डाच्या परीक्षेचा फॉर्म भरायला आठ दिवस राहिले होते.

सर प्राचार्यांकडे गेले आणि गणिताचा तास दुपारी घ्या म्हणाले. मंचरचे तास सोडायची त्यांनी तयारी दाखवली. प्राचार्य म्हणाले, खोली नाही. एका मुलीसाठी एकशे चौदांना हलवणं हे तुमच्या गणितात तरी बसतं का? मग सरांनी विचारलं, ती घरी अभ्यास करील, विपुलबरोबर मी टिपणं पाठवीन, तिचा फॉर्म गणितावरच राहू द्या. त्यावर हजेरी निघाली. पंचाहत्तर टक्के हजेरी लागते. हा आकडा कुठून आला हे कोणी तपासलेलं नव्हतं, पण तो भिंतीवर रंगवलेला होता.

चौथ्या दिवशी तास संपवून सर खालच्या मळ्यात गेले. सोपानराव गोठ्यात होते. प्राचीची आई आरती हिने ओट्यावर सतरंजी टाकली आणि चहा ठेवायला गेली. सोपानरावांची आई साळुबाई दाराशी लसूण सोलत बसली होती. प्राची आतल्या उंबऱ्यापाशी उभी राहिली.

सरांनी बरीच तयारी केली होती. दिसणं वेगळं आणि अंगावर येणं वेगळं, या वाटेवर आजवर कोणाला ओरखडाही नाही, वगैरे त्यांनी क्रमाने सांगितलं. सोपानरावांनी मधे न बोलता ऐकून घेतलं.

"सर, तुमचं शिकवनं खोटं न्हाई," ते म्हणाले. "पन मला सांगा, बारावीला किती टक्क्याला पास करता तुमी?"

"पस्तीस."

"मग बावन्न म्हंजे बिबट्या चांगल्या मार्कानं पास झाला की."

सरांना हसू आलं आणि ते त्यांनी चहात बुडवलं. सोपानराव हसत नव्हते.

"आकड्याचं सोडा. आमाला तर तुमचा आकडा यायच्या आदीबी म्हाईत व्हतं जनावर फिरतंय. पोरगी पाच म्हैने रोज त्याच वाटंनं गेली आन घरात शबूद न्हाई. मी धारा काडीत बसलो व्हतो. बारा गायी. सातला डेअरी बंद व्हती, म्हनून तिला सोडाय कवा गेलो न्हाई. आन शेजारच्या गावात काय झालं ते तुमालाबी म्हाईत हाय."

ते दोघांनाही माहीत होतं. बिबट्याने नेलेलं ते लेकरू चौथीत होतं. त्याचं नाव ओट्यावर कोणी घेतलं नाही. प्राचीच्या तक्त्यातही ते नव्हतं, कारण गाव वेगळं, वाट वेगळी, वेळ संध्याकाळची. रीतीप्रमाणे ते वगळणं बरोबरच होतं.

सर म्हणाले, ऋषीला सांगून बघू. प्राचीचा भाऊ ऋषी चाकणला कंपनीत होता आणि फक्त सुट्टीला यायचा. आठवड्यात सहा दिवस त्याचा उपयोग नव्हता. मग सर म्हणाले, मी गाडीवरून येतोच, थोडं आडवळण घेऊन तिला इथून नेत जाईन.

साळुबाईने लसूण सोलायचा थांबवला. "मास्तर, तुमी भले मानूस. पन अंधारात सर आन पोरगी एका गाडीवं? लोकांच्या तोंडापरीस बिबट्या बरा. त्यो एकदाच खातो."

सरांनी चहाचा रिकामा कप खाली ठेवला.

मग सोपानराव उठले, आतून वहीचा कागद आणि पेन घेऊन आले आणि दोन्ही सरांपुढे ठेवले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. शाळा, बँक, तलाठी, सगळीकडे त्यांनी आयुष्यभर जे ऐकलं होतं तेच ते मागत होते.

"लेखी द्या सर."

"काय?"

"माझ्या पोरीला त्या वाटंवं काय व्हनार न्हाई. येवडंच ल्ह्या, खाली सही करा. उद्या पहाटं मी सोता तिला वाटंला लावतो. मग तुमी जाना आन तुमचं गनित जानं."

सरांनी पेन उचललं. एका ओळीचं काम होतं. त्या एका ओळीने पोरगी परत पहिल्या बाकावर येऊन बसली असती, तिने परीक्षा दिली असती, पुण्याला गेली असती. आणि ती ओळ बहुतेक खरीही ठरली असती. 'बहुतेक' हा शब्द घालून ती लिहिता येईल का, असं त्यांना एक क्षण वाटलं. पण 'बहुतेक' घातलेला कागद सोपानरावांना नको होता, तसला तर तो तक्ताच होता, कॉलेजच्या दाराशी लावलेला.

त्यांनी उंबऱ्याकडे पाहिलं. फळ्यावर सर एखादी पायरी गाळतात की काय, अशी शंका आली की प्राची जशी बघायची, तशीच ती बघत होती. लिहा, असं ती म्हणाली असती तर त्यांनी लिहिलं असतं. ती काही म्हणाली नाही.

"असं लिहिता येत नाही, सोपानराव," सर म्हणाले. "शून्य आहे असं कोणालाच लिहिता येणार नाही."

"मग आमाला तरी कसं धाडता येईल," सोपानराव म्हणाले आणि पेनला टोपण लावलं.

परतताना नारायणगावच्या पुढे ट्रॅक्टरमागे अडकले असताना सरांनी स्वतःला खरं काय ते विचारून घेतलं. ते खोटं लिहायला तयार नव्हते म्हणून थांबले, की उद्या काही झालं तर आपल्या सहीचा कागद बाहेर येईल म्हणून थांबले? त्यांनी प्रामाणिकपणे शोधलं. दोन्ही गोष्टी त्या ओट्यावर हातात हात घालून बसल्या होत्या आणि कोण कुणाला धरून आहे ते सांगता येत नव्हतं. सत्याची आणि भित्रेपणाची इतकी चांगली जोडी त्यांनी कुठल्याच आकडेवारीत पाहिली नव्हती.

फॉर्मच्या शेवटच्या दिवसाआधी प्राचीचा विषयबदलाचा अर्ज आला: गणिताऐवजी एसपी. अर्जात कारण लिहावं लागतं आणि कारणाला पुरावा जोडावा लागतो. ऑफिसातल्या धर्माजींनी या बाबतीत कधी कोणाची गय केली नाही. त्यांनी सोपानरावांना विचारलं, बिबट्याचा काय पुरावा हाय का? सोपानरावांनी घडी घातलेला तक्ता पुढे केला. धर्माजींनी तो उलगडला, सगळ्यात खाली लाल अक्षरात 'रीत व उत्तर अचूक' आणि सरांची सही पाहिली, आणि समाधानाने शिक्का मारला. म्हणाले, असा पुरावा आजवर आला न्हवता. विषय-शिक्षकाची शिफारस म्हणून आणखी एक सही लागत होती. ती घ्यायला धर्माजी सरांकडे आले.

"हीच सही हाय ना सर तुमची? जुळाया पायजे."

सरांनी खाली तशीच सही केली. जुळली.

पावणेसातचा तास पाच जणांवर चालू राहिला. डिसेंबरात चुकून आलेल्या चौघांपैकी दोघे गळले. केवलचंद शेठच्या दुकानात मोठ्या उजेडाच्या टॉर्च आल्या आणि खपल्या. मेळाव्यातला आकडा गावोगाव गेला होता, कुठे तो बावन्न टक्के होता, कुठे बावन्न बिबटे. विपुल आता पहिल्या बाकावर बसतो. तो हुशार आहे, विचारलेलं सोडवतो. तक्त्यातली नोंद कुणी पाहिली, असला प्रश्न त्याला पडत नाही.

जानेवारीत एकदा सरांना मंचरला उशिरा जायचं होतं म्हणून ते दुपारी साडेबारापर्यंत कॉलेजात थांबले. एसपीचा वर्ग सुटत होता. एकशे पंधरा मुलांत प्राची शेवटी बाहेर आली. तब्येत चांगली होती. एसपीच्या सराव परीक्षेत तिला ऐंशीपैकी एकाहत्तर मिळाल्याचं तिने सांगितलं. लाभांश जाहीर झाल्याचं भागधारकाला कळवणारं पत्र तिला न बघता येत होतं. पुण्याचं काय, असं सरांनी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. दोघांनाही अटी पाठ होत्या.

ती जायला वळली आणि थांबली.

"सर, मी परत करून पाहिलं ते."

"काय?"

"पप्पांना शून्य पाहिजे होतं ना. नव्वदच्या जागी शून्य पहाटा घातल्या. मग बिबट्या दिसायची शक्यता बरोबर शून्य येते. पप्पांना दाखवलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, हे जमलं."

सरांनी उभ्या उभ्या मनातल्या मनात सूत्र मांडलं, शून्य घातला, आणि उत्तर तपासलं. कुठेही पायरी गाळलेली नव्हती.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

"हो सर," प्राची म्हणाली, आणि उजेड असेतो घरी पोचवणाऱ्या एसटीसाठी, जिला अजून चार तास होते, ती वाचनालयाच्या पायरीवर जाऊन बसली.